आधी ट्यूबलाइट बंद करा

मुंबईतला मध्यम आकाराचा कुठलाही हॉल डोळ्यांसमोर आणा. दादरचं मंगल कार्यालय, पार्ल्यातल्या शाळेचं सभागृह, नाहीतर मुलुंडच्या सोसायटीचा कम्युनिटी हॉल. पांढऱ्या भिंती, दहा-अकरा फुटांवर छत, त्यात ओळीने ट्यूबलाइट किंवा चौकोनी एलईडी पॅनेल, भिंतीवर एसी, खाली चकचकीत लाद्या. सकाळी तिथे मुंज होते, संध्याकाळी कुणाच्या पंचाहत्तरीचा सत्कार असतो आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीची वार्षिक सभा. तिन्ही कार्यक्रमांच्या फोटोंत हॉल सारखाच दिसतो. मागची फुलांची कमान तेवढी बदललेली असते.

सजावटीवर इतका खर्च होऊनही जागा बदलत नाही, याचं कारण बहुतेक वेळा छतावर असतं. हॉलमधला प्रकाश सगळीकडे सारखा पसरलेला असतो. सभेला आणि पंगतीला तो अगदी योग्य, पण त्यात नजरेला कुठे थांबायचं ते कळत नाही. वधूवर जितके ठळक दिसतात तितकाच पंखा, तितकीच कोपऱ्यात रचलेली खुर्च्यांची चळत आणि तितकीच 'येथे चपला काढू नयेत' ही पाटी.

आपला डोळा प्रकाश मोजत नाही, तो शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो. म्हणून मंचावरचा प्रकाश दुप्पट केला तरी मंच दुप्पट उजळ वाटत नाही. अंधारात उजळलेला एखादा पृष्ठभाग दुप्पट उजळ वाटायला त्यावरचा प्रकाश साधारण आठपट करावा लागतो. ट्यूबलाइट चालू ठेवून मंच उठून दिसावा म्हणून दिवे वाढवत गेलात तर बिल वाढेल, पाहुणे घामाघूम होतील आणि मंच थोडासाच उजळेल. उलट हॉलचे दिवे मालवले की मंचावरचे मोजके दिवेही पुरतात. जागा बदलण्याची सुरुवात काय दाखवायचं नाही हे ठरवण्यापासून होते. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे.

यात अडचण येते ती माणसांची. हॉलचे व्यवस्थापक म्हणतात, "दादा, सगळे दिवे नका घालवू, लोकांना वाटेल लाइट गेले." घरातली मोठी माणसं म्हणतात, "शुभकार्यात अंधार नको." दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. पूर्ण काळोख कुणालाच नको असतो. मंचाजवळच्या दोन ओळी बंद, मधल्या अर्ध्या चालू, जिना, दरवाजे आणि बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे कायम चालू, एवढं पुरतं. मोठ्या माणसांना मी समई दाखवतो. ट्यूबलाइटच्या उजेडात मंचावरची समई नुसती पितळेची वस्तू असते, तिच्या ज्योती दिसतच नाहीत. हॉलचा उजेड उतरला की पाचही वाती दिसतात, पितळ चमकायला लागतं आणि समईजवळ वाकलेल्या आजीचा चेहरा सोनेरी होतो. एवढं पाहिल्यावर आजीच म्हणतात, आता राहू दे असंच.

यासाठी एक काम आदल्या दिवशी करायचं. हॉलच्या स्विचबोर्डावर कुठलं बटण कुठली ओळ चालवतं ते शोधून त्यावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवायची. कित्येक हॉलांत एकाच बटणावर मंच आणि मधला भाग दोन्ही असतात. हे ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कळून उपयोग नाही.

आता चेहरा. कार्यक्रम कुठलाही असो, लोक माणसं बघायला येतात, म्हणून पहिला पैसा चेहऱ्यावरच्या प्रकाशाला. दिवा थेट डोक्यावर असला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. अगदी समोरून, डोळ्यांच्या उंचीवर असला तर चेहरा सपाट होतो आणि समोरच्याला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. येल विद्यापीठात शिकवणारे स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आजही पहिला धडा म्हणून शिकवली जाते: चेहऱ्याच्या डावी-उजवीकडून, सुमारे ४५ अंशांच्या कोनात, वरून खाली येणारे दोन दिवे, एक किंचित उबदार आणि एक किंचित थंड छटेचा. दोन्ही गालांवर उजेड पडतो, पण सारखा नाही, म्हणून नाक, हनुवटी, गाल यांना घाट राहतो.

मुंबईच्या हॉलात हा ४५ अंश बसत नाही. हिशेब करून बघा. छत ११ फुटांवर, म्हणजे दिवा फार तर साडेदहा फुटांवर. मंच दीड फूट, त्यावर उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर, म्हणजे जमिनीपासून साडेसहा फूट. दिवा आणि डोळे यांच्या उंचीत फरक फक्त चार फुटांचा. ४५ अंश हवे असतील तर दिवा चेहऱ्यापासून चार फुटांवर, म्हणजे आहेर द्यायला आलेल्या मावशींच्या डोक्यावर टांगावा लागेल. तो नऊ फूट मागे नेला की कोन २४ अंशांच्या आसपास उरतो. मग उपाय एकच, दिवे बाजूला सरकवायचे. उंचीतून मिळत नाही तो घाट बाजूच्या कोनातून मिळवायचा. लग्नात याचा आणखी एक फायदा होतो. फेटा, मुंडावळ्या, बाशिंग यांची सावली उभ्या प्रकाशात थेट डोळ्यांवर उतरते. प्रकाश कमी उंचीवरून आणि तिरका आला की मुंडावळ्यांखालचे डोळे उघडे राहतात आणि नथीचे मोती चमकतात.

कमी कोनाचा एक तोटाही आहे. माणसाची सावली मागच्या पडद्यावर पडते. सोफा पडद्याला चिकटून ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि तिथेच फोटो बिघडतात. २४ अंशांच्या प्रकाशात पडदा दोन फूट मागे असेल तर सावली जेमतेम फूटभर खाली सरकते, म्हणजे डोक्यामागे दुसरं काळं डोकं उभं राहतं. तोच सोफा पडद्यापासून सहा फूट पुढे आणला तर सावली अडीच फुटांहून जास्त खाली जाते आणि माणसांच्याच आड लपते. शिवाय मधल्या जागेत मागून एक लहान दिवा खांद्यांवर आणि केसांवर टाकता येतो, त्याने माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. मंचाची खोली ठरवताना सजावटकार आणि प्रकाशवाला एकत्र बसले पाहिजेत असं मी म्हणतो ते यासाठी. बहुतेक वेळा ते एकमेकांना कार्यक्रमाच्या दिवशीच भेटतात.

रंगांबद्दल फार थोडक्यात सांगता येतं, पण चुका सर्वात जास्त इथेच होतात. वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशातलाच रंग परत पाठवते. हळदीच्या कार्यक्रमात निळे दिवे लावले तर हळद पिवळी दिसणारच नाही, राखाडी-काळपट दिसेल, कारण पिवळ्या रंगाला परत पाठवण्यासारखं त्या निळ्या उजेडात काही नसतं. हिरवा शालू लाल प्रकाशात काळा पडतो. स्वस्त एलईडी पारमध्ये (पार म्हणजे डब्यासारखा साधा रंगमंचाचा दिवा) लाल, हिरवा, निळा मिसळून जो पांढरा रंग बनवतात, त्यात पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात खाच असते, म्हणून त्वचा खडूसारखी दिसते. चेहऱ्यासाठी वेगळा पांढरा किंवा अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी, डायोड असलेले दिवे मागा. छटा ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे जुन्या बल्बसारखी उबदार, ठेवली तर हळद, जर, झेंडू आणि सावळी कांती सगळंच खुलतं. रंग उधळायची हौस भिंतींवर भागवा, माणसांवर नको.

भिंतींचं तंत्र सोपं आहे. पांढऱ्या भिंतीपासून फूटभर अंतरावर, जमिनीवर, वर तोंड करून एलईडी पार ठेवायचे. प्रकाश भिंतीला घासत वर चढतो, वर जाता जाता विरतो, आणि छत कुठे सुरू होतं ते नजरेला कळेनासं होतं. ११ फुटांचा हॉल उंच भासायला लागतो. दोन दिव्यांच्या मध्ये मुद्दाम अंधाराचा पट्टा सोडायचा, म्हणजे भिंतीला खांब असल्याचा भास होतो. साध्या हॉलला आठ-दहा दिवे पुरतात. एक रंग निवडा, फार तर त्याच्याच दोन छटा. खांबांना गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तिथे दिवा लावू नका, दगडात दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं.

मंचाबद्दल बोलायला दिवाळी पहाटेइतकं चांगलं उदाहरण मुंबईत नाही. मैदानात, उघड्यावर, गाण्याची बैठक. पहिला प्रश्न उंचीचा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वाचार फुटांवर असतं. मांडी घालून बसलेल्या गायिकेचा चेहरा मंचाच्या पृष्ठभागापासून सव्वादोन-अडीच फुटांवर. मंच दोन फुटी असेल तर तिचा चेहरा आणि पुढच्या रांगेची डोकी जवळजवळ एका रेषेत येतात, आणि चौथ्या रांगेपासून तबलजी दिसेनासा होतो. मंच तीन फुटी करा. पुढच्या तीन-चार रांगांना सतरंज्या आणि मागे खुर्च्या ही आपली जुनी मांडणी वापरा. खाली बसलेल्यांची डोकी दीड फुटाने उतरतात आणि मागच्यांना मंच मोकळा मिळतो. मंच आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या फळ्यांचा असतो, आतून पोकळ. त्यावर जाड सतरंजी आणि वर गादी घालायलाच हवी, नाहीतर तबल्याचा प्रत्येक ठेका फळीतून घुमतो आणि माइकमध्ये शिरतो.

दुसरा प्रश्न सूर्याचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे मैदानातला कार्यक्रम सहाला सुरू. दिवाळीत मुंबईचा सूर्योदय साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. तुमच्या दिव्यांचं राज्य जेमतेम अर्धा-पाऊण तास, तेही उतरतं. उजाडायला लागतं तेव्हा आकाशाचा उजेड तीन-चार लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं माप) असतो, सूर्य क्षितिजावर येईपर्यंत तो काहीशे लक्सपर्यंत जातो. मंचावरचे तुमचे दिवे ५०० ते १००० लक्स देतात. भर उन्हात आकडा एक लाखापर्यंत चढतो. सात वाजता तुम्ही लावलेला निळा पार कुणाला दिसतही नाही.

म्हणून पहाटेची रचना दोन अंकी नाटकासारखी करावी लागते. पहिल्या अर्ध्या तासात प्रकाश फक्त गायक-वादकांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर, बाकी मैदान पणत्यांचं आणि आकाशकंदिलांचं. कंदील श्रोत्यांच्या डोक्यांवर टांगायचे, मंचासमोर नाही, नाहीतर गायिकेच्या चेहऱ्यावर कागदी चांदणीची शेपटी लोंबताना दिसते. उजाडायला लागलं की दिवे एकदम बंद करायचे नाहीत. पहाटेच्या रागासोबत पंधरा-वीस मिनिटांत इतके हळू उतरवायचे की कधी उतरले ते कळू नये. दिवसाच्या उजेडात मागची भिंत काय असेल ते आधीच ठरवायचं. रात्री सुंदर दिसणारा काळा पडदा सकाळी धुळकट दिसतो. तिथे रंगात आणि पोतात जीव असलेलं काहीतरी हवं: झेंडूची तोरणं, खादीचा पिवळा पडदा, मंचापुढची मोठी रांगोळी. मंचाची दिशाही महत्त्वाची आहे. श्रोते पूर्वेकडे तोंड करून बसले तर सातनंतर त्यांच्या डोळ्यांत ऊन जातं, कलाकार बसले तर त्यांच्या. मंच मैदानाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या, नाहीतर पूर्वेला सात-आठ मजली इमारत असेल तर तिच्या सावलीचा फायदा घ्या.

गणेशोत्सवात प्रश्न उलटा असतो. मूर्ती पंधरा-वीस फुटी, भक्त तिच्या पायाशी. दिवे सोयीसाठी खाली ठेवले जातात आणि प्रकाश हनुवटीखालून वर जातो. परळ-लालबागच्या कारखान्यांत मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीवर जीव ओततात, ते डोळे अशा प्रकाशात विझतात. मूर्तीच्या चेहऱ्याच्या उंचीहून वर, समोरून, दोन्ही बाजूंनी प्रकाश हवा, आणि मुकुटावरचं छत त्याच्या आड येऊ नये. मुकुट-दागिन्यांसाठी लहान, टोकदार झोताचे दिवे. पसरट प्रकाशात सोनं पितळी दिसतं.

कमी साधनांत जागा कशी बदलते हे शिकायचं असेल तर मराठी व्यावसायिक नाटक बघा, तेही पडदा उघडण्याआधी. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये एकाच दिवशी सकाळ, दुपार, रात्र असे तीन वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग लागतात. मधल्या थोड्या वेळात रंगमंच कामगार एक घर मोडतात आणि दुसरं उभं करतात. नेपथ्य टेम्पोत मावेल, जिन्यावरून चढेल आणि अंधारात हाताला सापडेल असंच करावं लागतं. म्हणून नाटकातला दिवाणखाना तीन भिंती, एक दार, एक खिडकी आणि दोन लेव्हल, म्हणजे उंच चौथरे, यांत उभा राहतो, बाकीचं घर प्रकाश दाखवतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिला प्रयोग केला तेव्हा वीज नव्हती. कोलकात्यात १९५९ च्या अखेरीस उत्पल दत्त यांच्या नाटकासाठी प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी नुसत्या प्रकाशातून खाणीत शिरणारं पाणी दाखवलं, मंचावर थेंबही नसताना. लाखांची सजावट मागणाऱ्या यजमानांना मी आधी एक लेव्हल, एक काळा पडदा आणि एक खिडकी यांत काय होतं ते बघायला सांगतो.

एलईडी वॉलबद्दल, म्हणजे मंचामागे लावतात त्या भिंतीएवढ्या पडद्याबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. हल्ली सोसायटीच्या सत्कारालाही ती लागते. तिची तीव्रता कमी केली नाही तर समोर उभा माणूस काळी आकृती होतो, आणि त्याला दिसता करायला पुढचे दिवे वाढवले की सगळंच भगभगीत होतं. लावायचीच असेल तर बंद हॉलात ती २० टक्क्यांच्या आसपास चालवून बघा आणि हलती चित्रं भाषणाच्या वेळी थांबवा. पिचचा आकडाही विचारा. पी३ म्हणजे दोन ठिपक्यांत तीन मिलिमीटर अंतर; ढोबळ नियम असा की जितके मिलिमीटर तितके मीटर दूर पहिली रांग हवी. पी४ वॉल आणि दोन मीटरवर खुर्च्या असतील तर चित्राऐवजी ठिपके दिसतात.

हे सगळे दिवे एका जागेवरून चालवणारी भाषा म्हणजे डीएमएक्स. अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संघटनेने ती १९८६ मध्ये ठरवली आणि आजही तीच चालते. एका केबलमधून ५१२ चॅनेल जातात, प्रत्येकात ० ते २५५ यांपैकी एक आकडा. साध्या पारला सात-आठ चॅनेल लागतात: एक तीव्रतेचा, बाकीचे रंगांचे वगैरे. प्रत्येक दिव्याला पत्ता दिला की टेबलावरची पट्टी सरकवून तो चालतो. यजमानांनी यातलं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल, की ऑपरेटरचं टेबल श्रोत्यांमध्ये, मंच समोर दिसेल असं हवं. विंगेत बसलेल्या ऑपरेटरला लोकांना काय दिसतंय ते दिसत नाही.

विजेचा हिशेब आयोजकाला यायलाच हवा, कारण त्यात जीव गुंतलेला असतो. वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. जुने १००० वॅटचे २० पार म्हणजे २० हजार वॅट, सुमारे ८७ अँपिअर. हॉलच्या प्लगवर हे चालणं अशक्य, त्याला थ्री-फेज जोडणी किंवा जनरेटर लागतो. १५० वॅटचे २० एलईडी पार म्हणजे तीन हजार वॅट, १३ अँपिअर. तरीही सगळे एका एक्स्टेंशनवर लावू नका. साउंडची वीज वेगळ्या फेजवर घ्या, म्हणजे स्पीकरमध्ये घूं घूं येत नाही. गणपतीच्या मंडपात पाऊस धरूनच चाला: बाहेरचे दिवे आयपी६५ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे, जोड जमिनीपासून वर उचललेले, अर्थिंग तपासलेलं आणि वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर लावलेला. पाण्यात पडलेल्या एका उघड्या जोडावर पाय पडायला लहान मूल पुरतं. याबाबत वायरमनशी भांडावं लागलं तरी भांडा.

सगळं लागलं की कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी एक चाचणी घ्या. जिथे मुख्य माणसं बसणार तिथे कुणाला तरी बसवा, शक्यतो त्याच रंगाची साडी किंवा शेला अंगावर घेऊन. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसा, उभं राहून बघू नका. चेहरा दिसतो का, डोळे दिसतात का, सावली कुठे पडते ते बघा. त्यानंतर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. व्हिडिओवाल्यांना २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवायला सांगा. पट्टे तरीही राहिले तर दोष दिव्यात आहे, आणि तो बदलून मागायला अजून दोन तास हातात आहेत.